मोरोपंत एक नव्हे, चार



इंदापूर तालुक्यातल्या एका गावी सप्ताहातलं कीर्तन आटोपलं. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. तेवढ्यात एक आजी सुनेला आणि नातसुनेला घेऊन पुढं आली. नातसुनेच्या कडेवर दहा दिवसांचं बाळ. आजी म्हणाली, "बुवा, येक इचारायचं हाय. मोरगावला नवस बोलले व्हते, पोरगं झालं तर मोरेश्वर नाव ठेवीन. आता ही पोरं म्हणत्यात, आजी, लई जुनं नाव हाय, शाळंत पोरं हसतील. तुमी सांगा, नाव जुनं हुतं का वो?"

नातसून खाली मान घालून उभी. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. तिला आजीचा नवसही मोडायचा नव्हता आणि लेकराची थट्टाही नको होती. प्रश्न साधा वाटतो, पण त्या घरात त्यावरून आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, उद्या उत्तररंगाला या. उद्याचं आख्यान तुमच्या नातवाच्या नावाचंच लावतो." दुसऱ्या दिवशी जे लावलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नावाचा अर्थ पाहू. मोरगाव आपल्या बारामती तालुक्यातलं, कऱ्हेच्या काठचं. अष्टविनायकांची यात्रा तिथं सुरू होते आणि तिथंच येऊन पुरी होते. तिथला गणपती मोरावर बसणारा, म्हणून मयूरेश्वर. लोकांच्या तोंडी त्याचा मोरेश्वर झाला. मोरेश्वराचा 'मोरो' झाला, आणि 'मोरो'ला मानाचं 'पंत' लागलं की झाले मोरोपंत! म्हणजे मोरोपंत म्हणजे देवाचंच नाव, कारभाराचा अंगरखा घातलेलं. चिंचवडचे थोर गणेशभक्त मोरया गोसावी, त्यांचंही नाव याच देवाचं. 'गणपती बाप्पा मोरया' म्हणताना आपण देव आणि भक्त दोघांना एकाच हाकेत बोलावतो, हे ध्यानात येतं का कधी?

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचं नीट लक्षात राहील. तरुणपणी एका कीर्तनात मी जोशात सांगून टाकलं, की केकावली लिहिणारे मोरोपंत हे छत्रपती शिवाजी महाराजांचे पेशवे होते. टाळ्या पडल्या! कीर्तन संपल्यावर एक निवृत्त गुरुजी हळूच जवळ आले. म्हणाले, "बुवा, महाराज १६८० साली गेले. केकावलीचे कवी १७२९ साली जन्मले. मधली एकोणपन्नास वर्षं तुम्ही कुठं ठेवलीत?" लाजेनं मान खाली गेली. पण त्या दिवसापासून मोरोपंत नावाची माणसं मी शोधत गेलो, आणि चौघे असे भेटले की चौघांच्या वाटा चार. आता एकेकाला भेटू.

पहिले मोरोपंत, मोरो त्रिंबक पिंगळे. हे राज्यकारभाराचे आणि रणांगणाचे. प्रतापगड बांधून घेतला तो यांच्या देखरेखीखाली. १६७२ साली साल्हेरला मोगलांशी उघड्या मैदानात मोठी लढाई झाली. तिथं घोडदळ घेऊन प्रतापराव गुजर आले आणि पायदळ घेऊन मोरोपंत. मराठ्यांनी समोरासमोरच्या झुंजीत मोगली फौज मोडली, ती ही लढाई. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत मुख्य प्रधान हेच. अभिषेकाच्या वेळी पूर्वेला तुपानं भरलेला सोन्याचा कलश घेऊन मोरोपंत उभे होते, असं वर्णन करतात.

पण बरं का, कीर्तनकारानं नुसती आरती करू नये. महाराज गेल्यावर प्रधानांत फूट पडली. संभाजीराजांना बाजूला सारण्याच्या कारस्थानात मोरोपंतही गुंतले आणि कैदेत पडले. ज्यांच्या हाती अभिषेकाचा कलश होता, त्यांच्या हातून हेही झालं. नाव देवाचं असलं तरी पाय मातीचेच असतात. पुढं संभाजीराजांनी याच मोरोपंतांच्या मुलाला, निळो मोरेश्वर पिंगळ्यांना, पेशवेपद दिलं. बापाचा अपराध मुलाच्या नावावर मांडला नाही. राजाचं मोठेपण ते हेच.

दुसरे मोरोपंत आपल्या बारामतीचे. मोरेश्वर रामजी पराडकर. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. शास्त्रं आणि काव्य शिकले ते पन्हाळ्यालाच, केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी. मग तरुणपणी बारामतीला आले आणि बाबूजी नाईकांच्या पदरी पुराणिक होऊन राहिले. हयात इथं गेली, आणि १७९४ च्या चैत्रात देहही इथंच ठेवला.

हे बाबूजी नाईक कोण, तेही ऐका, गंमत आहे. मोठे सावकार. पेशव्यांना कर्ज देणारे आणि पेशव्यांच्याच घराण्याशी सोयरिक असलेले. १७४० साली थोरले बाजीराव गेले, तेव्हा पेशवाईची वस्त्रं बाबूजींना मिळावीत म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांपाशी खटपट केली. वस्त्रं मिळाली नानासाहेबांना. बाबूजी पेशवे झाले नाहीत ते नाहीतच. पण त्यांच्या पदरी जो पुराणिक होता, तो असा निघाला की आज बारामतीबाहेर बाबूजींचं नाव मोरोपंतांच्या चरित्रात येतं म्हणून लोकांना ठाऊक आहे! पैसा देऊन पद मिळेना. एका कवीला दोन घास सुखाचे दिले, तर नाव मात्र टिकलं. देणगी देताना हे ध्यानात ठेवा.

पंतांनी लिहिलं किती? महाभारताची अठराच्या अठरा पर्वं आर्येत उतरवली. रामायणं एकशेआठ रचली, असं सांगतात. आम्हां हरदासांची तर रोजीरोटीच त्यांच्या आर्येवर. आख्यान कुठंही अडलं की पंतांची आर्या हाताला धरून पुढं नेते. त्यांचं एक रामायण 'निरोष्ठ' आहे. म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षरच त्यात घ्यायचं नाही. आता तुम्ही वाचता वाचता 'राम' म्हणून बघा. मिटले ना ओठ? म्हणजे रामाची सगळी कथा सांगायची, पण 'राम' हे नाव तोंडी आणायचं नाही! आणि 'मोरोपंत' म्हणायलाही ओठ लागतातच. देवाचं नाव नाही, आपलंही नाव नाही, तरी कथा पुरी. मला विचाराल तर हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नाव न घेता काम करून दाखवणं म्हणजे काय, ते पंतांनी करून दाखवलं.

आणि उतारवयात लिहिली ती केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. नाव मोरो, म्हणून कवितेत स्वतःला मयूर म्हणवलं. मोर जसा मेघाला पाहून ओरडतो, तसा हा मयूर देवाला हाका मारतो. आईबापांनी दिलेल्या नावातून अख्खं काव्य काढलं. नाव सार्थ करणं ते हे!

तिसरे मोरोपंत, तांबे. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव राज्य घालवून बिठूरला जाऊन राहिले. त्यांचे भाऊ चिमाजीअप्पा काशीला. मोरोपंत तांबे चिमाजीअप्पांच्या पदरी होते, पुढं बिठूरला आले. यांना काशीत मुलगी झाली, तिचं नाव मणिकर्णिका. चार वर्षांची असताना तिची आई गेली. बापानंच वाढवली. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि सासरी नाव पडलं लक्ष्मीबाई. हो, तीच झाशीची राणी! बाप मुलीच्या पाठीशी झाशीतच राहिला. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली. राणी काल्पीकडे निसटली. मोरोपंत जखमी झाले, दतियाकडे जाताना हाती लागले, आणि इंग्रजांनी त्यांना झाशीत फासावर दिलं. जूनमध्ये ग्वाल्हेरला राणीही पडली. या मोरोपंतांनी ना किल्ला बांधला, ना काव्य लिहिलं. आई नसलेल्या एका मुलीला भिऊ नकोस म्हणत वाढवलं, आणि तिच्यासाठी मान दिली.

चौथे मोरोपंत फार जुने नाहीत. अमरावतीचे वकील, सर मोरोपंत जोशी. कायद्यातले गाढे, स्वभावानं नेमस्त. लहान मुलींच्या संमतिवयाचा विचार करायला सरकारनं १९२८ साली एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष हे. समितीनं देशभर साक्षी घेतल्या. कोवळ्या वयातल्या लग्नांनी आणि बाळंतपणांनी मुलींचे काय हाल होतात, ते कागदावर आणलं. १९२९ साली शारदा कायदा झाला, आणि लग्नाचं वय मुलीला निदान चौदा नि मुलाला अठरा असं ठरलं. आज आपल्याला ते वयही फार लहान वाटतं. पण त्या काळी पाळण्यातल्या लग्नाला धर्म समजणारी मंडळी होती, त्यांच्यापुढं उभं राहायला छाती लागत होती. एका मोरोपंतानं आपली एक लेक वाढवली, दुसऱ्यानं कुणाच्या कुणाच्या लेकींची काळजी वाहिली.

आता चौघांना एका ओळीत उभं करा. पहिले स्वराज्याचे पेशवे. दुसरे, ज्यांना पेशवा व्हायचं होतं पण होता आलं नाही, त्यांच्या पदरचे. तिसरे शेवटच्या पेशव्यांच्या आश्रयानं राहिलेले. चौथे, पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाल्यावर इंग्रजी कायद्यात काम करणारे. अडीचशे वर्षं एकच नाव चालत आलं, पण तलवार, लेखणी, वात्सल्य आणि कायदा, अशी कामं चार. कऱ्हा मोरगावहून बारामतीला येते आणि नीरेला मिळते. नीरा पुढं नरसिंहपूरला भीमेत जाते. तिथं पाणी तेच राहतं, नाव बदलतं. इथं उलटं झालं. नाव तेच राहिलं, पाणी प्रत्येकाचं वेगळं.

इंदापूरकर म्हणतील, बुवा, बारामतीचंच सांगितलंत, आमचं काय? तुमचं तर आधी सांगायला हवं होतं! शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे तुमच्या इंदापूरच्या रणात पडले. त्यांनी लेकांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. कुणावरून? अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून. अपत्य व्हावं म्हणून नवस केला, आणि नवस फेडताना एका नावाचे दोन तुकडे करून दोन लेकरांना दिले. शहाजीराजांच्या पोटी शिवराय आले. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. नवसाचं नाव होतं, जुन्या पीराचं होतं, कुणी हसलं का? आणि मालोजी हे नाव तरी तिथं संपलं का? नीरेपलीकडच्या फलटणचे संस्थानिक मालोजीराव नाईक निंबाळकर, फलटण १९४८ साली विलीन झाल्यावर लोकांचं सरकार आलं, त्यातही मंत्री झाले. एक मालोजी रणात पडला, एका मालोजीनं गादी सोडून मंत्र्याची खुर्ची घेतली.

हे सारं सांगून झालं, तेव्हा आजी पुढंच बसली होती. मी म्हटलं, "आजी, नाव जुनं होत नाही. नाव म्हणजे रिकामं भांडं. धुवून ठेवलं की पुन्हा कामाला येतं. त्यात काय भरायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं. हसणारी पोरं चार दिवस हसतील. पण तुमच्या नातवाला सांगा, तुझ्या नावाचे चारजण होते, आणि कोण काय होता. मग तोच त्या पोरांना सांगेल."

नातसून पहिल्यांदाच वर बघून बोलली, "बुवा, ते कवी सोताला मयूर म्हणवायचे म्हणालात ना? मग पाळण्यात मोरेश्वर ठेवू आन् हाक मयूर मारू. चालंल का?"

आता मी काय चालवणारा! दोनशे वर्षांपूर्वी बारामतीत खुद्द पंतांनीच ती वाट मोकळी करून ठेवलीय. आजी हसली. सुनेनं डोळ्याला पदर लावला. आणि आठ दिवस अबोला धरलेलं ते घर एकत्र घरी गेलं.

वाचकहो, तुमच्याही नावाचं कुणीतरी आधी होऊन गेलंय. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, माझं नाव कुणावरून ठेवलं? सांगतील ते नीट ऐका. त्या माणसानं काय केलं, काय चुकलं, सगळं ऐका. आणि मग निजताना एकदा ज्याचं नाव सगळ्या नावांच्या आधीचं, त्याचं नाव घ्या.

रामकृष्णहरी.