‘तात्पुरती’ पंथवाटणी : लेबनॉनचा अनुभव

लेबनॉन हा क्षेत्रफळाने साधारण सातारा जिल्ह्याएवढा, 10,452 चौरस किलोमीटरचा देश. एवढ्याशा भूमीत कायद्याने मान्य असलेले 18 धर्मपंथ आहेत : मारोनी, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन असे निरनिराळे ख्रिस्ती, सुन्नी, शिया, अलवी, द्रूझ आणि ज्यू. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा यांचे निवाडे ज्याच्या त्याच्या पंथाच्या न्यायालयात होतात. आमदारकी, मंत्रिपद आणि वरच्या सरकारी जागाही पंथ पाहूनच मिळतात. ही व्यवस्था प्रत्येक टप्प्यावर भांडण मिटवण्यासाठी आली आणि दर वेळी पुढच्या भांडणाची तजवीज करून गेली.

तिचा पाया उस्मानी अमलात घातला गेला. 1860 मध्ये माउंट लेबनॉनच्या डोंगराळ मुलखात द्रूझ आणि मारोनी यांच्यात रक्तपात होऊन हजारो माणसे मेली. त्याचे मूळ धर्माइतकेच जमिनीतही होते. 1858 मध्ये किसरवान भागातील मारोनी कुळांनी खाझिन घराण्यातील जमीनदारांविरुद्ध बंड केले, आणि हे जमीनदारही मारोनीच होते. तीच धग दक्षिणेकडे द्रूझ जमीनदारांच्या ख्रिस्ती कुळांपर्यंत पोचली, तेव्हा कुळ-मालकाच्या तंट्याला पंथाचे रूप आले. युरोपीय सत्तांनी मध्ये पडून 1861 मध्ये जी घडी बसवली, तिने हे रूपच कायम केले. 1864 मध्ये 12 सदस्यांच्या प्रशासकीय मंडळात जागा ठरल्या त्या अशा : 4 मारोनी, 3 द्रूझ, 2 ग्रीक ऑर्थोडॉक्स, आणि ग्रीक कॅथलिक, सुन्नी, शिया यांना प्रत्येकी 1. कुळांना मात्र कुळ म्हणून एकही जागा नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेला. सप्टेंबर 1920 मध्ये जनरल गूरो यांनी डोंगराला बैरूत, त्रिपोली, सैदा, सूर आणि बेका खोरे जोडून ‘विशाल लेबनॉन’ जाहीर केला. नव्याने आलेल्या भागांत मुसलमानांची वस्ती मोठी होती आणि त्यांतील अनेकांना सीरियातच राहायचे होते. 1926 च्या राज्यघटनेतील 95 व्या कलमाने सरकारी नोकऱ्या आणि मंत्रिपदे पंथनिहाय वाटली, ‘तात्पुरता उपाय म्हणून’. 1932 मध्ये जनगणना झाली आणि तीत ख्रिस्ती निसटत्या बहुमतात भरले. त्यानंतर देशात जनगणना झालेलीच नाही. आकडा बदलला तर वाटा बदलावा लागेल, एवढे सगळ्यांना पक्के ठाऊक आहे.

1943 मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी मारोनी नेते बिशारा अल-खूरी आणि सुन्नी नेते रियाद अस-सुल्ह यांच्यात तोंडी करार झाला. ख्रिस्त्यांनी फ्रान्सकडे धाव घ्यायची नाही, मुसलमानांनी सीरियात विलीन होण्याचा आग्रह सोडायचा, अशी ही देवाणघेवाण होती. राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया हा शिरस्ता याच काळात रुळला. संसदेत दर सहा ख्रिस्त्यांमागे पाच मुसलमान असे प्रमाण ठरले.

जागा पंथाच्या असल्या तरी मत देणारे सगळे असतात. भारतात 1909 मध्ये आलेल्या विभक्त मतदारसंघांसारखी ही पद्धत नाही. पुणे करारानंतरच्या राखीव जागांशी तिचे साम्य अधिक आहे. सुन्नी जागेच्या उमेदवाराला ख्रिस्ती मतेही लागतात, त्यामुळे निवडणुकीत पंथापलीकडच्या युत्या होतात. मात्र मतदाराचे नाव राहत्या घरी नव्हे, तर वडिलोपार्जित गावी नोंदलेले असते. बैरूतमध्ये तीन पिढ्या काढलेला माणूसही मताला गावच्याच पुढाऱ्याकडे जातो, आणि पुढाऱ्याचे बळ यातच आहे.

1975 मध्ये यादवी पेटली. ओळखपत्रावर पंथ छापलेला असे. नाक्यावर ते पाहून माणसे गाडीतून खाली ओढून मारली गेली. पंधरा वर्षांत लाखाहून अधिक बळी गेले. ऑक्टोबर 1989 मध्ये सौदी अरेबियातील ताइफ येथे झालेल्या समझोत्याने सहास पाच हे प्रमाण निम्मेनिम्मे केले. 1992 पासून संसदेत 128 जागा आहेत, 64 ख्रिस्ती आणि 64 मुसलमान व द्रूझ. ओळखपत्रावरचा पंथ काढायचे ठरले. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत राजकीय पंथवाद संपवणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून घातले गेले आणि त्यासाठी समिती नेमण्याची तरतूद झाली. ती समिती आजतागायत नेमलेली नाही. खालच्या नोकऱ्यांतील पंथवाटणी रद्द झाली, पहिल्या श्रेणीतील राहिली.

देशातल्या देशात नोंदणी पद्धतीने लग्न करता येत नाही, म्हणून भिन्न पंथांची जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात. परदेशातले असे लग्न लेबनॉन सरकार मान्य करते. राष्ट्राध्यक्ष इलियास हरावी यांनी आणलेला ऐच्छिक नागरी विवाहाचा मसुदा 1998 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला. पंतप्रधान रफिक हरीरी यांनी सही केली नाही आणि धर्मगुरूंनी एकमुखाने विरोध केला. एरवी एकमेकांशी न पटणारे ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मगुरू या एका बाबतीत लगेच एकत्र आले. 2009 मध्ये गृहमंत्री झियाद बारूद यांच्या परिपत्रकाने कुटुंब-नोंदीच्या उताऱ्यावरचा पंथ काढून टाकण्याची मुभा दिली. 2013 मध्ये अशाच एका जोडप्याने पंथाची नोंद काढून देशातच केलेले लग्न सरकारदरबारी नोंदले गेले. पुढे अशी नोंद करणे थांबवण्यात आले.

ऑक्टोबर 2019 मध्ये महागाई आणि करवाढीविरुद्ध सर्व पंथांचे लोक रस्त्यावर आले आणि सगळ्याच पुढाऱ्यांनी जावे अशी मागणी त्यांनी केली. पंतप्रधान गेले, व्यवस्था राहिली. जानेवारी 2025 मध्ये लष्करप्रमुख जोझेफ औन राष्ट्राध्यक्ष झाले आणि नवाफ सलाम यांची पंतप्रधानपदी निवड झाली. सभापतिपदी 1992 पासूनचे नबीह बेर्री कायम होते. पहिले मारोनी, दुसरे सुन्नी, तिसरे शिया.