कोणी केले, हे सर्वांना ठाऊक होते : ओहायोतील अमिश दाढीकाप प्रकरण

अमिश वस्तीत घडलेला गुन्हा आणि त्याच्या तपासात उमलणारे प्रेम हा अमेरिकी रहस्यकथांचा आवडता विषय आहे. १९८५ च्या ‘विटनेस’ चित्रपटात खुनाचा साक्षीदार असलेल्या अमिश मुलाला वाचवताना फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी त्याच्या वस्तीत लपतो आणि मुलाच्या विधवा आईत गुंततो. जोडी पिको यांच्या ‘प्लेन ट्रुथ’ (२०००) या कादंबरीत नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप असलेल्या अमिश मुलीची वकील तिच्याच शेतघरात मुक्कामाला जाते. साचा एकच : बाहेरचा माणूस आत शिरतो आणि मौनाच्या भिंतीवर आदळतो.

हे मौन कादंबरीकारांनी रचलेले नाही. त्याची मुळे सोळाव्या शतकातील युरोपात आहेत.

प्रौढपणी स्वेच्छेने बाप्तिस्मा घ्यावा, असे मानणाऱ्या अॅनाबॅप्टिस्टांना तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी जाळले, बुडवले. १५६९ मध्ये नेदरलँड्समधील अस्पेरेन येथे डिर्क विलेम्स तुरुंगातून निसटला. पाठलाग करणारा पहारेकरी बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा विलेम्सने मागे फिरून त्याला बाहेर काढले. त्यानंतर तो पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. १६६० च्या ‘मार्टर्स मिरर’ या हुतात्माग्रंथातील ही कथा अमिश घरांत आजही परिचित आहे. राज्यसत्ता म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांना अशा रीतीने कळले, ते पोलीस ठाण्याची पायरी सहज कशी चढतील?

१६९३ च्या सुमारास याकोब अम्मानने स्विस बांधवांशी फारकत घेतली. वादाचा एक मोठा मुद्दा होता बहिष्कृतांशी व्यवहार तोडण्याचा, म्हणजे मराठीत ज्याला वाळीत टाकणे म्हणतात त्याचा. अम्मानचे अनुयायी ते अमिश. गुन्हा असो वा पाप, निवाडा मंडळीने करावा, अपराध्याने पश्चात्ताप करावा आणि त्याला क्षमा मिळावी, अशी त्यांची रीत आहे.

पण निवाडा करणाराच अन्याय करू लागला तर?

सॅम्युएल मुलेटने १९९५ मध्ये ओहायोत बर्गहोल्झजवळ वस्ती वसवली. तिथून बाहेर पडलेल्या कुटुंबांना त्याने बहिष्कृत केले. एका मंडळीचा बहिष्कार इतरांनीही पाळावा, असा संकेत असल्याने पेच उभा राहिला. अखेर २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील युलिसिस येथे सुमारे ३०० धर्मगुरू जमले आणि त्यांनी हे बहिष्कार अमान्य ठरवले. मुलेटने तो अपमान विसरला नाही.

२०११ च्या शरदात बर्गहोल्झची माणसे रात्री-अपरात्री दारे ठोठावू लागली. पुरुषांच्या दाढ्या आणि स्त्रियांचे केस कापण्यात आले. विवाहित अमिश पुरुषाची दाढी आणि स्त्रीचे न कापलेले केस ही श्रद्धेची दृश्य खूण असते. हल्लेखोरांना हे अचूक ठाऊक होते, कारण तेही अमिशच होते. पहिल्या हल्ल्यात तर पोटच्या मुलांनीच आईबापांना गाठले.

हल्लेखोर ओळखीचे, कित्येकदा नात्यातले. रहस्यकथेचा पहिला प्रश्न इथे उरलाच नव्हता. तरीही काही पीडितांनी तक्रार देण्यास नकार दिला. इतर पुढे आले, तेव्हाच खटला उभा राहू शकला.

केंद्र सरकारने २००९ चा द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा लावला. गुन्ह्याचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध दाखवणे आवश्यक होते. म्हणून घोड्याची आयाळ कापायची कात्री न्यूयॉर्क राज्यात बनली होती, ही बाब न्यायालयात गंभीरपणे मांडली गेली. मोटारगाडी बाळगण्यास मनाई असलेल्या समाजाचा खटला असा व्यापाराच्या धाग्यावर टांगला गेला, हा कायद्याचा अजब विनोदच.

बचाव पक्षाने कृत्ये नाकारली नाहीत. हा घरगुती कलह आहे, धर्मद्वेष नव्हे, एवढाच त्याचा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१२ मध्ये क्लीव्हलँडच्या ज्यूरीने तो फेटाळून १६ जणांना दोषी ठरवले. हल्ल्यांच्या वेळी स्वतः हजर नसलेल्या मुलेटला १५ वर्षांची शिक्षा झाली.

ऑगस्ट २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने द्वेषगुन्ह्याची दोषसिद्धी रद्द केली. धर्म हा ‘महत्त्वाचा हेतू’ असणे पुरेसे नाही. धर्म नसता तर हल्ला झालाच नसता, हे सिद्ध व्हायला हवे, असे बहुमताचे म्हणणे होते. तर्क काटेकोर खरा. पण जिथे बाप, धर्मगुरू आणि शेजारी ही एकच व्यक्ती असू शकते, तिथे वैर कुठे संपते आणि धर्म कुठे सुरू होतो, हे कोणत्या साक्षीने ठरवायचे?

पुरावे लपवणे आणि तपासात अडथळा आणणे यांसारखे आरोप मात्र टिकले. लपवलेल्या वस्तूंत एक कॅमेरा होता. छायाचित्र काढून घेणे अमिशांना मान्य नसते, तरीही हल्लेखोरांनी त्यातून पीडितांची छायाचित्रे टिपली होती. मार्च २०१५ मध्ये मुलेटची शिक्षा १० वर्षे ९ महिन्यांवर आणण्यात आली.