फौज, फकीर आणि हजेरी

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईच्या बंदरावर एक फौज उतरणार, अशी खबर पोलिसांना होती. बंदोबस्त लागला. बोटीतून उतरले तीन पुरुष आणि एक बाई. बाकीची फौज कुठाय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, आम्हीच ती फौज. हा किस्सा गेली कित्येक वर्षं इतक्या वेळा सांगितला गेलाय की तो घासून गुळगुळीत झालाय. पण माणसं चारच होती, हे मात्र खरं.

या चौघांनी सुरू केलेल्या कामातून मुक्तिफौजेची पश्चिम भारताची टेरिटरी उभी राहिली. महाराष्ट्र आणि गुजरात तिच्यात येतात आणि मुख्यालय आजही भायखळ्याला आहे. इतर चर्चमध्ये ज्याला डायोसीस किंवा डिस्ट्रिक्ट म्हणतात, त्याला इथे टेरिटरी म्हणतात, कारण सगळी भाषाच लष्करी. पाळक म्हणजे कॅप्टन, सभासद म्हणजे सोल्जर, स्थानिक मंडळी म्हणजे कोअर आणि सगळ्यांच्या वर लंडनमध्ये बसलेला जनरल. विल्यम बूथने १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं आणि १८७८ मध्ये त्याला साल्व्हेशन आर्मी हे नाव मिळालं. आपल्याकडे तीच मुक्तिफौज.

लष्करी थाटाच्या आत जो विश्वास आहे, तो होलिनेस परंपरेतला. जॉन वेस्लीपासून आलेली ही शिकवण थोडक्यात अशी: देवाने पापाची क्षमा केली, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. माणसाचं मन आतून पूर्ण स्वच्छ होऊ शकतं, याच जन्मी, आणि ते कुणाचंही होऊ शकतं. दारुड्याचं, चोराचं, वेश्येचं, कुणाचंही. मराठी ख्रिस्ती बोलीत याला पवित्रीकरण म्हणतात. ‘कुणाचंही’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तोच गोंधळ घालणार आहे.

चौघांचा म्होरक्या होता फ्रेडरिक टकर. जन्म १८५३ चा, मुंगेरचा. आजोबा ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष राहिलेले. हा स्वतः आयसीएस, पंजाबात असिस्टंट कमिशनर. मुक्तिफौजेचा एक अंक त्याच्या हाती पडला आणि १८८१ मध्ये त्याने नोकरी सोडली. आजच्या हिशोबात सांगायचं तर, आयएएस झालेल्या माणसाने राजीनामा देऊन चौकात ढोल वाजवायला उभं राहावं, तसं.

आणि ढोलावरूनच भानगड झाली. मुंबईच्या रस्त्यांवर लग्नाच्या वराती, मोहरमचे ताजिये वाजतगाजत जायचे, त्याला सरकारची हरकत नव्हती. गोऱ्या माणसांनी रस्त्यात वाजवत, गात फिरावं, याला मात्र होती. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या लोकांनी असं हसं करून घेतलं तर साहेबाचा रुबाब कसा राहायचा? बंदी आली, अटका झाल्या, १८८३ मध्ये टकरला एक महिन्याची कैद झाली. गंमत अशी की त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन होते. धर्म पटो न पटो, रस्त्यावर गाण्याचा हक्क सगळ्यांना सारखा हवा, हे हिंदी लोकांना बरोबर कळलं होतं.

पुढच्या काही वर्षांत टकरने जे केलं, ते मला या इतिहासातलं सगळ्यात धाडसी वाटतं. त्याने बूट काढले. भगवे कपडे, पागोटं, अनवाणी पाय, हातात भिक्षापात्र, गावात मिळेल ते खाणं. नाव घेतलं फकीर सिंग. पुढे त्याची बायको झालेली एमा, म्हणजे खुद्द जनरल बूथची मुलगी, तीही साडीत वावरायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे लोकलायझेशन हा शब्द रोज ऐकतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ बटणावरचे शब्द भाषांतर करणं एवढाच असतो. टकरने इंटरफेसच पालटला. ना. वा. टिळक संन्यास घेऊन ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले ते १९१७ मध्ये, तेव्हा देशी ख्रिस्ती होणं म्हणजे काय हा प्रश्न आपल्याला टिळकांमुळे ओळखीचा आहे. त्याच्या तीसेक वर्षं आधी एक माजी कलेक्टरी साहेब हा प्रयोग करून बसला होता. अर्थात फरक मोठा आहे. टिळक आपल्या घरातलं शोधत होते, टकर पाहुण्याने यजमानाचे कपडे घालावेत तसा.

या प्रयोगाची किंमत जिवांनी मोजली गेली. उन्हातान्हात अनवाणी, अर्धपोटी फिरणारे तरुण अधिकारी कॉलऱ्याने, तापाने मेले. त्यातला एक होता अर्नोलिस वीरसूरिया, सिलोनचा शिक्षक. फौजेत वर चढत तो टकरचा उजवा हात झाला होता. १८८८ मध्ये कॉलरा झालेल्या सहकाऱ्याची सेवा करताना तो स्वतःच गेला. दक्षिण आशियातला माणूस इतक्या वरच्या हुद्द्यावर, तेही १८८० च्या दशकात, दुसऱ्या कुठल्या मिशनमध्ये सहज सापडणार नाही. पण तो गेला आणि त्यानंतर बराच काळ वरच्या खुर्च्यांवर बाहेरून आलेलेच लोक बसत राहिले. लष्करात बदलीचा हुकूम वरून येतो. गुजरातेत किंवा नगर भागात राबणारा कॅप्टन इथला, त्याच्या बदलीवर सही करणारा तिथला.

आले कोण, हा प्रश्न महत्त्वाचा. गुजरातेत मुख्यतः वणकर समाजातले लोक, नगरच्या बाजूला महार आणि मांग. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं, त्यामुळे आमची माणसं पळवता, अशी कुरबुर दुसऱ्या मिशनांकडून व्हायचीच. शिवाय मुक्तिफौजेने १८८३ मध्ये बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही संस्कार बंदच करून टाकले होते. बाकीच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा हीच सीमारेषा, इथे मात्र झेंड्याखाली उभं राहून शपथ घ्यायची, दारू-तंबाखू सोडायची आणि सोल्जर व्हायचं. ज्याला गावच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्याला इथे गणवेश मिळत होता. बाईला कॅप्टन होता येत होतं. गणवेश म्हणजे काय, हे ज्यांना तो वंशपरंपरेने नाकारला गेला त्यांनाच विचारावं.

इथवर ही गोष्ट सरळ आहे. वळण येतं १८९०-९१ मध्ये. जनरल बूथने इंग्लंडच्या गरिबीवर एक मोठं पुस्तक लिहिलं: शहरात काम द्या, मग शेतीच्या वसाहतीत पाठवा, मग परदेशात. लगेच टकरने मुंबईतून ‘डार्केस्ट इंडिया’ काढलं. तोच आराखडा, भारतासाठी. भिकारी, कर्जात बुडालेले, दारुडे, गुन्हेगार, सगळ्यांसाठी वसाहती आणि काम. पुस्तकात कळकळ खरी आहे. पण वाचताना जाणवतं की भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्या फकिरात कमिशनर परत जागा झालाय. माणसांकडे आता तो वर्गवारी करून बघतोय.

मधली वर्षं तो भारताबाहेर होता. अमेरिकेत फौजेचं नेतृत्व केलं, तिथेच १९०३ मध्ये एमा रेल्वे अपघातात गेली. १९०७ मध्ये तो परतला तेव्हा भगव्या कपड्यांतला कैदी नव्हता, व्हाइसरॉयच्या लोकांशी पत्रव्यवहार करणारा कमिशनर बूथ-टकर होता. रेशीम, सुधारलेले हातमाग, निलगिरीची झाडं, सगळ्यात त्याला रस. मॅक्सवेल नावाच्या अधिकाऱ्याने केलेला माग तर फौजेच्या विणकामशाळांची ओळखच झाला. आणि १९०८ मध्ये पश्चिम भारतापासून लांब, गोरखपूरला, सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या डोम लोकांची वसाहत फौजेने चालवायला घेतली.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी द्या, पासाशिवाय हलू नका. १९११ मध्ये तो मुंबई-मद्रास इलाख्यांनाही लागू झाला. आपल्याकडची सोलापूरची सेटलमेंट सरकारच्या देखरेखीखालची, पण तारेचं कुंपण आणि हजेरीचं पुस्तक सगळीकडे सारखंच. मुक्तिफौजेची सगळ्यात गाजलेली वसाहत गुंटूरकडची, येरुकल लोकांसाठीची स्टुअर्टपुरम. नाव मद्रास सरकारातल्या एका साहेबाचं. मीना राधाकृष्ण यांनी ‘डिसऑनर्ड बाय हिस्टरी’ या पुस्तकात दाखवलंय की सुधारणेच्या नावाखाली या वसाहतीतून तंबाखूच्या कंपनीला मजूर मिळत गेले. दारू-तंबाखू सोडायला लावणारी फौज, बरं का.

बूथ-टकरने सरकारची चाकरी पत्करली, विकला गेला, असं म्हणून सुटता येईल. मला ते पटत नाही. तो शेवटपर्यंत तीच शिकवण मानत होता: कुणाचंही मन बदलू शकतं. ज्या काळात साहेब लोक म्हणत होते की यांच्या रक्तातच चोरी आहे, तेव्हा तो ठामपणे म्हणत होता की नाही, हे सुधारू शकतात. त्या काळाच्या मानाने ही उदार भूमिका होती. पण सुधारू शकतात म्हणताना बिघडलेत हे आधीच मान्य केलेलं असतं. सरकारने लावलेला शिक्का बरोबर आहे का, हे त्याने विचारलं नाही, शिक्का धुण्याचं कंत्राट तेवढं घेतलं. १८८३ मध्ये स्वतःच्या गाण्यावर बंदी आली तेव्हा हाच माणूस कायद्याला थेट नाही म्हणाला होता. येरुकल माणसाला शेजारच्या गावी जायला पास लागतो, यावर मात्र त्याचं म्हणणं असं की पास आमच्या मॅनेजरने द्यावा, पोलिसाने नको. सरकारने त्याला कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९१९ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि १९२९ मध्ये वारला.

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्टला महाराष्ट्रात विमुक्त दिन पाळतात, तो त्याचाच. मुक्तिफौजेच्या भारतात आज सहा टेरिटऱ्या आहेत आणि हुद्द्यांवर बहुतेक भारतीय माणसं आहेत. भगवे कपडे मागेच सुटले, पांढऱ्या गणवेशावर लाल पट्ट्या उरल्या. नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल आहे. नाव विल्यम बूथच्या एका मुलीचं. ती १९३४ मध्ये फौजेची पहिली बाई जनरल झाली. गावात कुणी पूर्ण नाव घेत नाही, नुसतं ‘बूथ’ म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा नगरचे पेशंट आधी तिथेच नेले जात होते.