क्रीक स्त्रिया आणि हरणाचे कातडे

मृगाजिन म्हटले की आपल्याकडे केसांसकट राखलेले हरणाचे कातडेच डोळ्यांपुढे येते. उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील क्रीक व चेरोकी लोकांत मात्र कातड्याचे खरे मोल त्यावरील केस निघाल्यानंतरच ठरत असे. आणि ते काढण्याचे काम स्त्रियांकडे होते.

हिवाळ्यात पुरुष शिकारीस निघत, तेव्हा स्त्रियाही रानातील मुक्कामावर जात. सोललेल्या कातड्याची आतली बाजू खरवडून त्या प्रथम मांस व चरबी काढीत. मग कातडे पाण्यात भिजत पडे. केसांची मुळे सैल झाली की ते तिरप्या ओंडक्यावर पसरीत आणि हरणाच्याच पायाच्या हाडाला धार लावून केलेल्या हत्याराने वरून खाली खरवडीत. केसांबरोबर वरचा पातळ पापुद्राही निघावा लागे; तो राहिला तर पुढचा लेप आत मुरत नसे. जोर कमी पडला तर पापुद्रा राही, अधिक झाला तर भोक पडे. हे तारतम्य हातालाच ठाऊक! आपल्याकडील ढोर कारागिरांनी बाभळीची साल आणि हिरडा वापरला. तेथे हरणाचाच मेंदू पाण्यात कालवून कातड्याला चोळीत, ते वाळेपर्यंत ओढून-ताणून मऊ करीत आणि शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरीत. असे धुरावलेले कातडे भिजून वाळले तरी मऊ करता येते.

इ. स. १६७० मध्ये इंग्रजांनी चार्ल्सटन वसविले आणि या घरगुती कसबाला बाजार मिळाला. १६९९ ते १७१५ या काळात कॅरोलायनातून दरसाल सरासरी ५४,००० कातडी बाहेर गेली. त्याच सुमारास युरोपातील गुरांवर बुळकांडीची साथ आली. १७१४ मध्ये ती इंग्लंडातही पोहोचली. गुरांच्या चामड्याची चणचण भासू लागली, तशी हरणाच्या कातड्याच्या विजारींना व हातमोज्यांना मागणी वाढली. मोबदल्यात क्रीकांना बंदुका, लोकरी कापड, लोखंडी भांडी मिळत, आणि रमही.

व्यापाऱ्यांना पूर्ण कमावलेले कातडे नकोच होते. केस काढून धुरावले की पुरे. उरलेले काम युरोपातील कारागीर करीत. पुढे, विशेषतः १७६३ नंतर, केसांसकट कच्ची कातडीही सर्रास घेतली जाऊ लागली. येथेच पारडे फिरले असे म्हणावे लागते. ज्या श्रमाने मालाची किंमत वाढे, तोच व्यवहारातून गळत चालला. कातड्याला किंमत कमी, म्हणून शिकार जास्त. हरणे विरळ झाली, पण उधारी थांबली नाही. १७७३ मध्ये ऑगस्टा येथे क्रीक व चेरोकी यांनी व्यापाऱ्यांचे कर्ज फेडण्यासाठी वीस लाख एकरांहून अधिक भूमी सोडून दिली.

१७९६ मध्ये अमेरिकन शासनाने बेंजामिन हॉकिन्स यांना क्रीकांकडे प्रतिनिधी म्हणून नेमले. शिकार सोडून शेती करा, असा त्यांचा आग्रह होता, आणि स्त्रियांनी कापूस कातावा म्हणून त्यांनी चरखेही दिले. स्त्रियांनी ते स्वीकारले, कापडही विणले. तरीही १८३६ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात क्रीकांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले.