१२९ ढालकिडे आणि माझी एक फवारणी



आजची नोंद जरा लाजेची आहे, पण लिहितो. कुणाची तरी बाग वाचेल.

सीताफळाला पिठ्या ढेकूण आला म्हणून मी क्रिप्टोलेमस जातीचे ढालकिडे आणून सोडले होते. एकरी ६००, दोन एकराला १२००. अठराव्या दिवशी बघतो तर फळांवर पांढरं आणखीच वाढलेलं. डोकं फिरलं. आबा म्हणत होते, "थांब दोन दिस, एवढी कसली घाई?" पण मी ऐकलं नाही. खालच्या एकरावर पंप चालवला. दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडीचा फोटो ढालकिडे देणाऱ्या ताईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दादा, यात पिठ्या थोडाच आहे. बाकीच्या सगळ्या आपल्याच अळ्या आहेत."

क्रिप्टोलेमसचा मोठा किडा काळपट, डोकं नारिंगी. पण त्याची अळी अंगावर पांढरे मेणचट धागे घेऊन फिरते, थेट पिठ्यासारखी दिसते. म्हणजे विकत आणलेले राखणदार मीच मारले.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून या किड्यांचा इतिहास वाचत बसलो. तो तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १८६८च्या सुमाराला एक नवी खवले कीड दिसली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या झाडांबरोबर ती आली होती. शास्त्रीय नाव आयसेरिया. मादीच्या पाठीमागे अंड्यांची पांढरी, कापसासारखी पिशवी असते. पुढच्या वीस वर्षांत ती संत्र्याच्या बागांत पसरली. रस शोषायची, चिकटा पडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची आणि झाड वाळायचं. शेतकऱ्यांनी नाना औषधं फवारली, झाडावर तंबू टाकून विषारी धूरसुद्धा दिला. काहींनी तर झाडं तोडून जाळली.

अमेरिकेच्या कृषी खात्यात चार्ल्स रायली नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचा विचार साधा होता. ऑस्ट्रेलियात ही कीड आहे, पण तिथं तिचा एवढा धुमाकूळ नाही. म्हणजे तिथं तिला कोणीतरी खात असणार. ते शोधायला माणूस पाठवायचा, तर खात्याच्या पैशातून परदेशी जायला बंदी! शेवटी १८८८ साली मेलबर्नला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्याच्या निमित्तानं अल्बर्ट कोबेल यांना धाडलं. सरकारी काम कुठलंही असो, वाट अशीच काढावी लागते.

ऑक्टोबरमध्ये ॲडलेडच्या एका बागेत कोबेल यांना ही कीड खाणारा लाल-काळा ढालकिडा सापडला. त्याला व्हेडालिया म्हणतात, आजचं नाव रोडोलिया. बोटीतल्या बर्फाच्या थंड खोलीत ठेवून त्यांनी किडे पाठवले. लॉस एंजेलिसला पहिल्यांदा २८ जिवंत पोचले, मग ४४, मग ५७. एकूण १२९. डॅनियल कॉक्विलेट यांनी ते वुल्फस्किल यांच्या बागेतल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू टाकून आत सोडले.

एप्रिल १८८९ पर्यंत त्या झाडावरची कीड जवळजवळ संपली. तंबूची एक बाजू उघडली, तसे किडे शेजारच्या झाडांवर गेले. शेतकरी फांद्या, डबे घेऊन यायचे आणि किडे घेऊन जायचे. जूनपर्यंत दहा हजारांवर किडे वाटले गेले. वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली.

एवढ्याशा किड्यांनी हे कसं केलं? एक तर तो दुसरं फारसं काही खात नाही. दुसरं, तो खवले किडीच्या अंड्यांच्या पिशवीवरच अंडी घालतो, म्हणजे अळीला जन्मतःच ताट वाढलेलं. आणि तिसरं, किडीची एक पिढी होईपर्यंत याच्या दोन-तीन होतात.

पण खरी माझ्या कामाची गोष्ट पुढं आहे. १९४०च्या दशकात डीडीटी आलं. कॅलिफोर्नियाच्या बागांत ते फवारलं, ढालकिडे मेले, आणि पन्नास-साठ वर्षं दबून असलेली तीच खवले कीड पुन्हा उसळली. फवारण्या आवरून ढालकिडे परत आणल्यावर ती परत खाली बसली. मी खालच्या एकरात जे केलं ते या लोकांनी आधीच करून बघितलं होतं.

आपल्याकडचा इतिहासही जुना आहे. क्रिप्टोलेमस मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. भारतात तो १८९८ साली कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी आणला. त्या कामात तो फारसा चालला नाही, पण दक्षिणेत रुजला आणि पिठ्या खाऊ लागला. आज द्राक्ष, पेरू, सीताफळाला आपण वापरतो तो हाच. आणि १९२८ साली निलगिरीत आयसेरिया दिसल्यावर त्या भागातही रोडोलियाच कामाला आला.

आता तुम्ही माझ्यासारखी चूक करू नका, म्हणून दोन-तीन खुणा. पांढऱ्या किडीला काडीनं डिवचा. पिठ्या जागेवरच मंद हलतो, क्रिप्टोलेमसची अळी झपझप पळते आणि अंगानं मोठी असते. खोडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्या चिकट्यासाठी पिठ्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. आणि प्रत्येक ठिपकेवाला मित्र नसतो. वांग्याची, बटाट्याची पानं खरवडून जाळी करणारा हड्डा बीटल याच कुळातला, त्याला सोडू नका.

वरचा एकर मी तसाच ठेवलाय. काल सकाळी आबांनी एक फळ दाखवलं. पांढऱ्या अळ्या पिठ्यात तोंड घालून बसलेल्या. आबा काही बोलले नाहीत, मीही नाही. खालच्या एकराला यंदा फटका बसणारच. औषधाचा अंमल उतरला की वरच्या एकरातल्या अळ्यांसकट चार फांद्या तिकडं नेऊन बांधणार आहे, त्या संत्रीवाल्यांसारख्या.