रायगड किनाऱ्यावरील अंगण : सारवणापासून सिमेंटच्या ठशापर्यंत

१९८१ सालापूर्वी ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत, त्या आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अंगण ही वस्तू एकदा करून ठेवण्याची कधीच नव्हती. ती दरवर्षी नव्याने करावी लागे. पावसाळ्याचे चार महिने अंगण धुऊन नेत. दसरा उलटून ऊन कोरडे पडू लागले, म्हणजे घरोघर माती खणून, ढेकळे फोडून आणि पाणी शिंपडून जमीन सारखी करीत. मग धुमसाने व चोपण्यांनी ती ठोकून घट्ट करीत आणि वर शेणाचे सारवण देत. तुळशीच्या लग्नाची रांगोळी पडावयाची ती याच नव्या जमिनीवर. या अंगणास पैसा जवळजवळ लागत नसे, श्रम मात्र फार लागत, आणि त्यांतील मोठा वाटा घरातील स्त्रियांचे माथी असे. जुन्या अंगणाचे गोडवे गाताना ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

ज्यांस ऐपत होती, त्यांनी या श्रमांतून सुटका शोधली. दक्षिणेकडे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूस जांभा दगड हाताशी होता. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा लागला म्हणजे कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहून त्यास लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. जेथे जांभा नव्हता तेथे काळ्या दगडाची फरसबंदी किंवा चुन्याचा कोबा करीत. किनाऱ्यावर चुना शिंपल्यांपासून भाजीत आणि बैलाच्या घाणीत मळीत. तो पसरल्यावर लाकडी थाप्यांनी कितीतरी दिवस बडवावा लागे. पुढे १८७१ साली मुंबई-मद्रास लोहमार्ग जोडला गेल्यावर शहाबादी फरशी या प्रांतास सुलभ झाली, व कोब्याचे महत्त्व हळूहळू कमी झाले.

सिमेंटचा जन्म मात्र मुळातच दगडाची नक्कल म्हणून झाला. १८२४ साली इंग्लंडातील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने आपल्या चूर्णाचा हक्क नोंदविला, तेव्हा ते घट्ट झाल्यावर पोर्टलंड बेटावरील नामांकित इमारती दगडासारखे दिसते म्हणून त्यास ‘पोर्टलंड सिमेंट’ हे नाव दिले. हिंदुस्थानात १९०४ साली मद्रासेस शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा उद्योग निघाला, तो टिकला नाही. १९१४ साली पोरबंदरास कारखाना सुरू झाला आणि देशी सिमेंट बाजारात आले. लोकांचा या करड्या भुकटीवर विश्वास बसावा म्हणून कारखानदारांनी १९२७ साली काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काढली. सिमेंट विकावयाचे तर ते वापरण्याची विद्याही शिकविली पाहिजे, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

या विद्येचा एक सुंदर अध्याय रायगडच्याच किनाऱ्यावर, उरण येथे, १९२२ साली लिहिला गेला. स्वदेशीचा तो काळ. फिरोजशा सिधवा यांनी, पुढे कराचीचे महापौर झालेले जमशेद मेहता यांच्या प्रोत्साहनाने, उरणास भारत टाइल्सचा कारखाना काढला. राजकीय स्वातंत्र्याबरोबर आर्थिक स्वातंत्र्यही पाहिजे, ही त्यामागील भावना होती. नक्षीच्या फरश्या तोपर्यंत परदेशांतून येत असत. उरणची फरशी भट्टीत भाजीत नसत. धातूच्या साच्यात रंगीत सिमेंट कप्प्याकप्प्यांतून हाताने ओतावयाचे, वर साध्या सिमेंटचा थर द्यावयाचा, दाबयंत्राखाली दाबावयाचे आणि मग पाण्यात मुरवावयाचे. रंग वरून फासलेला नसून जाड थराने फरशीच्या अंगातच असे. म्हणून शंभर वर्षे पाय घासूनही अशी नक्षी कित्येक घरांत आज शाबूत दिसते. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते, हा तिचा दुसरा गुण.

आज अंगणासाठी जे ठशाचे काँक्रीट विकले जाते, ज्यास कंत्राटदार ‘स्टॅम्प्ड काँक्रीट’ म्हणतात, त्याची कुळी निराळी आहे. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील ब्रॅड बोमन या कारागिराने ओल्या काँक्रीटवर धातूचे ठसे दाबून दगडी फरसबंदीचा आभास उत्पन्न करण्याची रीत बसविली. युद्धानंतर अमेरिकेत उपनगरे झपाट्याने वाढत होती, आणि दगड बसविणाऱ्याची मजुरी परवडत नव्हती. पुढे धातूच्या जागी रबरासारखे लवचीक साचे आले, आणि दगडाचा खडबडीतपणाही उतरू लागला. रायगडच्या किनाऱ्यावर बंगले वाढले, २०२० साली मांडव्यास मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाली, २०२४ साली शिवडीहून उरण तालुक्यात उतरणारा सागरी सेतू खुला झाला, आणि मुंबईकरांच्या नव्या अंगणांबरोबर हा ठसाही इकडे रुळला. जेथे खरा जांभा निघतो त्या जिल्ह्यात जांभ्याच्या रंगाचे व रूपाचे सिमेंट घालून घ्यावे, यात थोडा विनोद आहे खरा. रंग मात्र दोहोंचा एकाच कुळातला : जांभ्याची लाली, गेरूची लाली आणि काँक्रीटमधील लाल रंग ही तिन्ही लोहाच्या गंजाचीच रूपे होत.

हे काम पाहू गेल्यास त्यातील जुनी ओळख पटते. पाया ठोकून घट्ट करावयाचा, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट पसरावयाचे, रंगाची कठीण होणारी भुकटी दोन वेळा शिंपडून घोटावयाची, साचा चिकटू नये म्हणून दुसरी भुकटी टाकावयाची आणि साचे ठेवून वरून धुमसानेच ठोकावयाचे! ठसा उठण्याची वेळ थोडी असते. काँक्रीट फार ओले असता ठसा बुजतो, फार सुकले असता उठतच नाही. म्हणून किनाऱ्यावर हे काम थंडीच्या महिन्यांत, सकाळच्या प्रहरी व्हावे; वैशाखातील दुपारी घाई करणारा कारागीर रंग व ठसा दोन्ही बिघडवितो.

नमुना निवडताना वहीतील चित्रास भुलू नये. समुद्राची वाळू स्वस्त व जवळची असली तरी ती घेऊ नये. तिच्यातील मीठ आतील लोखंडी जाळी कुजविते आणि पृष्ठभागावर लोणा आणते. काँक्रीट तापते, थंड होते, आकसते. त्यास तडा जाणारच, तो आपण सांगू त्या ठिकाणी जावा यासाठी दर अडीच-तीन मीटरांवर, जाडीच्या चतुर्थांश खोल सांधे कापून घ्यावेत. पाणी घराकडे न येता बाहेर जाईल असा उतार, दर मीटरास १ ते २ सेंटिमीटर, ठेवावा. काँक्रीट पुरे पक्के होण्यास २८ दिवस लागतात. तोपर्यंत त्यावर मोटार आणण्याची हौस आवरावी.

आता निगा. हे अंगण ‘एकदा केले की झाले’ अशा थाटाने विकले जाते. ते खरे नव्हे. अलिबागेस वर्षाकाठी सरासरी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. सावलीच्या बाजूस शेवाळ धरते, आणि वर लावलेल्या चकचकीत राळेच्या लेपावर पाय घसरतो. घरात वृद्ध माणसे असतील तर लेपात बारीक खर मिसळून घ्यावी, आणि चकाकीचा मोह सोडावा. लेप दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, तोही कोरड्या ऋतूत. ओलीवर दिलेला लेप आतील दमट हवा कोंडून पांढुरका होतो. धुण्यास साधा साबण व राठ कुंचा पुरे. न्हाणीघरासाठी मिळणारे आम्ल ओतल्यास रंग जातो व तो परत येत नाही. आणि ठिगळ? सारवणातील खड्डा चार घमेली मातीने व एका सारवणाने नाहीसा होत असे. ठशाच्या काँक्रीटचे ठिगळ जन्मभर ओळखू येते.

परंतु या किनाऱ्यावर खरा प्रश्न पाण्याचा आहे. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी या अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्या विहिरींवर जगल्या. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि ते पावसाचेच मुरलेले पाणी असते. मुरणे घटले व उपसा वाढला, म्हणजे खालचे खारे पाणी वर चढते. अंगण अखंड सिमेंटने बंद केल्यास पाऊस गटारातून समुद्रास मिळतो आणि घरच्या विहिरीस पारखा होतो. चोपलेल्या मातीतूनही पाणी फार मुरत नसे, परंतु अंगणाच्या कडेस आळी होती, वाडी होती, पाटाने पाणी तिकडे जाई. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, उभारलेल्या कुलाबा किल्ल्याच्या तटात प्रचंड दगड चुन्यावाचून नुसते रचलेले आहेत, व लाटेचे पाणी फटींतून शिरून आपला जोर गमावते. पाण्यास वाट ठेवणे ही या किनाऱ्याची जुनी बांधणी होय.

तेव्हा ठशाचे काँक्रीट घालावयाचे तर मोटारीच्या वाटेपुरते व ओसरीसमोरील बसण्याउठण्याच्या जागेपुरते घालावे. उरलेल्या भागी जांभ्याचे चिरे सांध्यांत वाळू सोडून बसवावेत, किंवा माती राहू द्यावी. माडाच्या बुंध्याभोवती निदान दोन हात आळे मोकळे ठेवावे आणि काँक्रीटचा उतार त्या आळ्याकडे, तेथून विहिरीजवळील शोषखड्ड्याकडे न्यावा. पहिला जोराचा पाऊस पडेल त्या दिवशी ओसरीत उभे राहून पाणी कोणीकडे वळते ते स्वतः पाहावे, आणि कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता त्यानंतर चुकता करावा.