वडाच्या पारंबीपाशी चार महिने

गेमसाठी झाडं बनवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? या विषयात संशोधन करायचं ठरवलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. मीही हाच विचारला होता. लोकांनी यादी दिली, त्यातलं फुकट मिळणारं एक मी उचललं आणि देवळासमोरचा वड करायला बसले. खेळाडू पाराभोवती फिरणार, पारंब्यांमधून वाट काढणार, एवढंच दृश्य. फांद्या छान आल्या, पानं आली, पारंबी मात्र काही केल्या येईना. फांदी खाली वाकवली की झाड विलोसारखं दिसायचं. जमिनीपर्यंत लांबवली तर टोक दोऱ्यासारखं बारीक व्हायचं, आणि वडाची जुनी पारंबी तर खांबासारखी जाड असते! चार महिने मला वाटत राहिलं की योग्य सेटिंग मलाच सापडत नाहीये. तशी सेटिंग नव्हतीच. का नव्हती, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते मला १९९५ सालच्या एका शोधनिबंधात कळलं.

त्या निबंधाकडे येऊच, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गंमत अशी की ज्यांच्या कल्पनांवर ही साधनं उभी आहेत, त्यांतल्या काहींना चित्र काढायचंच नव्हतं.

१९६८ मध्ये अरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरीत जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञाने तंतूसारख्या वाढणाऱ्या जीवांचं, म्हणजे शेवाळ वगैरेंचं, गणित मांडलं. पेशींना अक्षरं द्यायची आणि प्रत्येक पायरीला सगळी अक्षरं एकदम बदलायची. समजा नियम असा आहे की 'अ' चं 'अब' होतं आणि 'ब' चं 'अ' होतं. मग अ, अब, अबअ, अबअअब अशी माळ वाढत जाते. लांबी मोजा: १, २, ३, ५, पुढे ८. कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. याच पद्धतीला आज आपण एल-सिस्टीम म्हणतो. संगणकचित्रांच्या जगात ती ठळकपणे आली १९८४ मध्ये, अॅल्वी रे स्मिथच्या निबंधातून. पुढे प्रझेमिस्लाव प्रुसिंकिएविच आणि लिंडेनमायर यांचं 'द अल्गोरिदमिक ब्यूटी ऑफ प्लांट्स' १९९० मध्ये आलं. लिंडेनमायर त्याच्या आदल्याच वर्षी गेले. ते पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं, त्यामुळे सबब चालणार नाही.

दुसरी वाट कॉफीच्या मळ्यातून आली. फिलिप द रेफी हे फ्रेंच शास्त्रज्ञ आयव्हरी कोस्टमध्ये कॉफीच्या झाडांवर काम करत होते. त्यांनी लक्ष ठेवलं ते डोळ्यावर. कलम करणारे ज्याला डोळा म्हणतात तोच. हा डोळा पुढे वाढेल, काही काळ थांबेल, फुटून फांदी होईल की मरेल, याच्या शक्यता त्यांनी मांडल्या. त्यातून झाडाचा आकार आपोआप येतो. १९८८ मध्ये हे काम सिग्राफ परिषदेत मांडलं गेलं. त्यांचं झाड खरंखुरं दिसतं, कारण ते आधी शेतीच्या प्रश्नासाठी वाढवलेलं आहे.

आता १९९५. जेसन वेबर आणि जोसेफ पेन यांचा निबंधही सिग्राफमधलाच. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकलंय की आमचा भर झाडाच्या एकूण भूमितीवर आहे, वनस्पतिशास्त्राचे नियम काटेकोर पाळण्यावर नाही. फांदीचा कोन किती, लांबीचं प्रमाण किती, टोकाकडे किती निमुळती होते, असे आकडे भरायचे आणि झाड तयार. शिवाय झाड लांब गेलं की त्याचा तपशील डोळ्याला न जाणवता कमी कसा करायचा, हेही त्यांनी दिलं. अख्खं जंगल दाखवायचं असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही. ब्लेंडरमधलं सॅपलिंग याच निबंधावर बेतलेलं आहे, आणि मी घेतलेलं साधनही याच घराण्यातलं निघालं.

माझ्या पारंबीचं उत्तर इथे आहे. या प्रारूपात फांदीची जाडी तिच्या पालक फांदीवरून ठरते आणि टोकाकडे कमी होत जाते. पारंबीचं आयुष्य दोन टप्प्यांचं असतं. आधी ती बारीक लोंबते, मग मातीला टेकते, मूळ धरते आणि त्यानंतर जाड होते. 'टेकली' ही घटना त्या प्रारूपात कुठेच नाही. त्यात काळ नाही आणि जमीनही नाही. एल-सिस्टीमवाल्यांनी १९९६ मध्ये झाड आणि भोवताल यांच्यात देवाणघेवाण घडवून आणली, तिथे अशा घटनेला जागा आहे.

गेमवाल्यांचा प्रश्न तर आणखी वेगळा. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात झाडं, वारा, सावल्या, शत्रू, सगळं बसवायचं. स्पीडट्री जन्मलं ते या अडचणीतून. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मधली रानं त्यावरच उभी आहेत. पुढे ते सिनेमातही गेलं, आणि २०२१ मध्ये युनिटीने ते विकत घेतलं. हे शेवटचं वाक्य बाजारातली बातमी म्हणून सोडून देऊ नका. तुमचा प्रबंध चार-पाच वर्षं चालणार, तेवढ्यात साधनाचा मालक आणि परवान्याच्या अटी दोन्ही बदलू शकतात. म्हणून आवृत्तीचा क्रमांक, भरलेले सगळे आकडे आणि यादृच्छिक संख्यांचं सीड पहिल्या दिवसापासून वहीत उतरवा. मी दुसऱ्या वर्षी सुरू केलं. पहिल्या वर्षीची दोन झाडं मला आता जशीच्या तशी परत बनवता येत नाहीत.

एक घराणं राहिलंच. २००७ मध्ये रुनियन्स, लेन आणि प्रुसिंकिएविच यांनी मोकळ्या जागेत बिंदू पसरून फांद्यांना त्यांच्याकडे वाढू दिलं. ही युक्ती मुळात त्यांच्या गटाने पानावरच्या शिरांसाठी काढली होती. भिंतीला लागून वाढलेलं किंवा दाटीत वेडंवाकडं झालेलं झाड हवं असेल तर आधी हे वाचा.

हे सगळं मी गाईडना सांगायला गेले तेव्हा मॅडमनी एकच विचारलं, "तुला वड वाढवायचाय की दाखवायचाय?" मला दाखवायचा होता. माझा प्रश्न खेळाडू वाट कशी शोधतो हा आहे, वड कसा वाढतो हा नाही. वाढवायचा असता तर एल-सिस्टीमकडे जावं लागलं असतं आणि निदान एक वर्ष त्यात गेलं असतं.

मग मी जुनंच साधन ठेवलं आणि पारंबी उलटी केली. म्हणजे ती जमिनीतून वर येणारं एक सडपातळ, बिनपानांचं झाड म्हणून बनवली, बुंध्याशी जाड आणि वर निमुळती, आणि तिचं टोक मोठ्या फांदीत लपवलं. दोन दिवसांत अकरा पारंब्या उभ्या राहिल्या. वनस्पतिशास्त्र विभागातल्या मैत्रिणीला दाखवलं, तर ती हसून म्हणाली, "अगं, हे खालून वर उगवलंय!" उगवलंय खरं. दुसऱ्या प्रकरणात मर्यादांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर लिहिलंय.